खाकी कव्हरं आणि वाघोलीपुढची वस्ती

वाघोली ओलांडली, इमारती मागे पडल्या आणि रस्त्याच्या कडेला कांद्याची शेतं दिसू लागली. करोनामुळे शाळा बंद होऊन बरेच महिने झाले होते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीतून मी मुलांची पुस्तकं गोळा केली, उन्हात ठेवली आणि प्रत्येकाला खाकी कव्हर घालून वर पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. पुस्तक परत आलं की कव्हर बदलायचं आणि पुढच्या मुलाला द्यायचं. पद्धत चोख होती.

गाडी माझी भावजय, मीरावहिनी, चालवत होत्या. आरशातून मागच्या खोक्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "सगळी एकाच गणवेशात निघालीत. ओळखायची कशी?"

"चिठ्ठी वाचून."

"बरं बाई."

पुढे आम्ही चुकीच्या वाटेला वळलो. मोटरसायकलवरच्या एका गृहस्थांनी थांबवलं. "कुटं निघालाय?"

"वस्तीवर. मुलांना पुस्तकं द्यायची आहेत."

"हिकडं फकस्त माजी हीर (विहीर) हाय. ती न्हाई वाचत." मग हसत त्यांनीच आम्हाला वस्तीपर्यंत नेलं.

चिंचेखाली सतरंजी अंथरून मी पुस्तकं मांडली. तोंडाला रुमाल बांधलेली मुलं लांब उभी राहिली, पुस्तकांना हात कुणी लावेना. शेवटी दुसरीतली प्राची पुढे आली, एक पुस्तक उलटसुलट केलं आणि होतं तिथं ठेवून दिलं.

"घे की गं!" तिची आई सुनीताबाई खुरपणी सोडून आल्या होत्या.

"कंचं घेऊ? समदी सारखीच हायती."

चिठ्ठीवरचं नाव तिला लागत नव्हतं. सुनीताबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाई, माजी शाळा तिसरीत सुटली. तवा मला वाचता येत हुतं. आता पाटी बगितली की नुसती वेटोळी दिसत्यात. हिचंबी तसंच व्हनार का?"

मी खाली बसले आणि कव्हरं काढायला लागले. वहिनीही शेजारी बसल्या. खाकी कागदाखालून उंट निघाला, आगगाडी निघाली, झोपलेली मांजर निघाली. मग मात्र सतरंजीवर एकच झुंबड उडाली. प्राचीनं म्हशीचं पुस्तक पटकावलं.

सुनीताबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी आणि पातीचं कोरड्यास (कालवण). तिखटानं वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी दुसरी भाकरी घेतली. शेजारी प्राची मोठ्यानं वाचत होती, "म्हशीच्या पाटीवर बगळा बसलाय, त्यो किडं खातोय..."

मी कौतुकानं मान डोलावली. सुनीताबाईंनी पदराला हात पुसला आणि तळवा थेट चित्रावर ठेवला.

"आता वाच."

प्राचीनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ओळीखाली बोट ठेवलं. "ब... ग... ळा." "पा... ठी... व... र." आईचा हात हलला नाही. "ब... स... ला."

सुनीताबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "हाय का बरोबर?"

"अगदी बरोबर."

"फुडं," त्या प्राचीला म्हणाल्या. प्राचीचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, अक्षरागणिक सुनीताबाईंचे ओठही हलत होते. आवाज मात्र नव्हता.

परतताना वाघोलीच्या गर्दीत गाडी अडकली. वहिनींनी विचारलं, "आता पुन्हा कव्हरं घालणार का?" मी नाही म्हटलं. घरी पोचल्यावर पुढच्या खेपेसाठी मोठ्या अक्षरांची पुस्तकं वेगळी काढायला बसले. उंट, आगगाडी, मांजर. मुलांना काय आवडतं ते आता ठाऊक झालं होतं. सुनीताबाईंना कशाबद्दल वाचायला आवडेल, ते विचारायचं राहून गेलं होतं.