नाक्यावरचा चौकीदार आणि माझा कुत्रा

पांढरकवड्याला नाक्यावर रात्रपाळी करणारा एक चौकीदार रोज सकाळी घरी जाताना माझ्या लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीवर, थांबतो. बोलतो माझ्याशी, पण बघतो कुत्र्याकडे.

"शेठ, सिमेटवर नका झोपवू त्याले. थंडी हाडात शिरते."

हा टाल मी रिकाम्या हातानं उभा केला आहे. मला कोणी शिकवलेलं खपत नाही. म्हणून मी ऐकलं नाही, तर त्यानंच गव्हाच्या कुटारानं, भुशानं भरलेलं पोतं आणून कुत्र्याखाली टाकलं. पुढे ऊन वर आलं की माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याला तो फेरी मारायलाही नेऊ लागला. कुत्रा मी बोलावलं तर कूस बदलायचा, त्यानं हाक मारली की लगेच उठायचा. हे मला फार झोंबलं.

परवा कडाक्याची थंडी होती. कुत्र्याचे मागचे पाय उचलेनात.

"तूच दमवलं त्याले!" मी ओरडलो. "खबरदार हात लावशीन तं!"

"शेठ, आज बसून राह्यला तं मंग उठनार नाही."

"माझा कुत्रा आहे. मी उठवतो."

मी हाका मारल्या, चुचकारलं. कुत्रा त्याच्याचकडे टक लावून होता. त्याची एक हाक पुरली असती. चौकीदार मात्र हाक न मारता फाटकाबाहेर गेला आणि कुत्र्याकडे पाठ करून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं कुत्रा लटपटत उठला, माझ्यापर्यंत आला.

"आला का, शेठ?" चौकीदारानं मागे न बघता विचारलं.

मी फाटकाबाहेर आलो. कुत्र्याला घेऊन त्याच्यासमोरून चालत गेलो.