गावाच्या नावाचं हक्कसोडपत्र

आमचं टायपिंगचं दुकान जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत होतं. एका बाजूला धान्याचा आडत्या, दुसऱ्या बाजूला कापडवाला, आणि मधे आम्ही. आधी दोन टाइपरायटर होते, मग तीन कॉम्प्युटर आले आणि त्यातल्या एकाला इंटरनेट जोडलं. बाहेरची कामं नवरा बघायचा, खुर्चीवर बसणं माझं. अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिका, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, जे येईल ते मी टाइप करायचे. हिचा हात भराभर चालतो आणि तोंड त्याहून भराभर, असं नवरा म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या वर्षी इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठी डॉट इन सगळ्यांना खुलं झालं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे नेहमी येणारा एक बियाण्याचा व्यापारी पेपरातलं कात्रण घेऊन आला. डॉट कॉमवर त्याच्या कंपनीचं नाव कुणीतरी केव्हाच घेऊन ठेवलं होतं. इथं अजून जागा आहे म्हणून तो घाईला आला होता. ‘बाई, जल्दी बघा, हे बी कुणी घेऊन टाकील.’ मी औरंगाबादच्या एका एजंटाला फोन लावला आणि तो सांगेल तसं करत गेले. चौकटीत नाव टाकायचं, रिकामं आहे का बघायचं, असलं तर फॉर्म भरायचा. दर वर्षी मुदत वाढवत राहिलं की इंटरनेटवर ते नाव आपलं. त्यावर पान बांधा नाहीतर मोकळा प्लॉट ठेवल्यासारखं नुसतं ठेवा, कुणी विचारत नाही. व्यापाऱ्याचं काम अर्ध्या तासात झालं आणि तो खुशीत गेला.

मशीन मोकळं होतं. मी त्याच चौकटीत माझ्या माहेरच्या गावाचं नाव टाकलं.

आमचं गाव बदनापूरकडचं, स्टेशनापासून जीपनं जायचं. घरं मोजकी. नकाशात शोधायचं तर चष्मा पुसून बसावं लागेल. नाव रिकामंच होतं, घेणार कोण? तरी मला अशी घाई झाली, की जणू माझ्या मागं रांग लागली होती. मी फॉर्म उघडला, गावाचं नाव भरलं, आणि मालकाच्या रकान्याशी येऊन माझा हात थांबला.

तो का थांबला ते सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील वारले. आई आधीच गेलेली, म्हणून वारस म्हणून भावाचं आणि माझं अशी दोनच नावं सातबाऱ्यावर लागली. माझं नाव तिथं सात-आठ महिने होतं. मग भावाचा फोन आला, ‘अक्का, एक दिवस बदनापूरला ये.’ कशाला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आमच्याकडे लेकीला ते सांगावं लागत नाही. बहिणीनं सही करायची, भावानं साडी-चोळी करायची आणि माहेरचं दार उघडं राहायचं, अशी रीतच आहे. मी गेले. हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. कागद वाचलासुद्धा नाही. अशी शेकडो हक्कसोडपत्रं मी स्वतः टाइप केली होती, पण आपल्या माणसाचा कागद काय वाचायचा? स्टेशनासमोर भावानं भजी खाऊ घातली आणि मी हसत परत आले. पुढं महिन्या-दीडमहिन्यानं त्याच्याकडे नवा सातबारा बघितला. त्यावर माझं नाव होतं, पण कंसात. सातबाऱ्यावरचं नाव कमी करतात तेव्हा ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. वाचता येतं, पण धरायचं नाही.

म्हणून हात थांबला. मग मी मालकाच्या रकान्यात माझं पूर्ण नाव टाइप केलं. गावाचं नाव वर आणि माझं खाली. चारदा वाचलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘काय करणार त्याचं?’

‘काही नाही. असू दे.’

मला खरोखर एवढंच हवं होतं. माझ्या गावाच्या नावाशी माझं नाव कुठंतरी लागलेलं असावं आणि तिथं त्याला कुणी कंस करू नये. हे बोलून दाखवायची मला लाज वाटली, म्हणून ‘असू दे’ म्हटलं.

पुढं फावल्या वेळात मी एक पान बांधलं. मारुतीच्या देवळाचा फोटो, शाळेचा फोटो, विहिरीचा फोटो, आणि खाली चार ओळी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसला तो प्रकार. पण मला त्याचं कौतुक फार. भावाला फोन करून सांगितलं तर तोही हरखला. ‘भारी काम केलंस अक्का,’ म्हणाला, आणि त्याच दिवशी पारावर बसून त्यानं ते गावभर केलं.

इथंच घोटाळा झाला. गावातला एक जीपवाला बदनापूरला कॅफेत जाऊन ते पान बघून आला. नुसतं पान बघून आला असता तर काही बिघडलं नसतं. पण कॅफेवाल्यानं आपलं ज्ञान दाखवायला त्याला ते नाव कुणाच्या मालकीचं आहे तेही काढून दिलं, कारण तेव्हा ते कुणालाही बघता यायचं. वर त्याची प्रिंटही दिली. आता त्याच दिवसांत तहसिलातून सातबारे कॉम्प्युटरवर यायला लागले होते. तलाठ्याच्या अक्षरातला कागद जाऊन त्याच्या जागी दोन्ही कडांना भोकं असलेला, फिकट शाईचा कागद हातात पडायचा. ही प्रिंट तशाच कागदावर, तशाच शाईत. वर गावाचं नाव, खाली मालक म्हणून माझं नाव, त्याखाली नोंदल्याची तारीख आणि सगळ्यात खाली मुदत संपण्याची तारीख. कागद पारावरून पिठाच्या गिरणीवर गेला, गिरणीवरून घरोघर. मालकाचं तर लोकांना लागलंच, पण त्याहून मुदतीची धास्ती मोठी बसली. वर्षानं गावाची मुदत संपणार, मग पुढं काय, असं म्हातारी माणसं विचारायला लागली.

मला यातलं काहीही कळलं नव्हतं. मला कळलं ते एका दुपारी भाऊ आणि आबा दुकानाच्या पायऱ्या चढून आले तेव्हा. आबा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, आमच्या भावकीतले सगळ्यात वडील माणूस. ते जालन्याला कधी येत नसत. मी उठून पाया पडले, चहा सांगितला. चहा होईपर्यंत दोघं पाऊसपाण्याचं बोलले, आणि मग भावानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. कोरा स्टँप पेपर होता.

‘हे काय?’

आबाच बोलले, ‘बाई, गावाचं नाव तुमच्या नावावर झालंय म्हून लोकं बोलून राह्यले. तेवढं सोडून द्या. कागुद करून द्या, म्हंजी लोकायला दाखवाया बरं.’

मला आधी हसूच आलं. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, पान दाखवलं, समजावलं. याच्यात जमीन नाही, घर नाही, मुदत गावाची नाही तर या नावाची आहे, ती मीच दर वर्षी वाढवणार. आबांनी नीट ऐकलं. ते काही अडाणी नव्हते, आणि त्यांना समजलंही.

‘समदं बराबर हाये तुमचं,’ ते म्हणाले. ‘पण नाव हाये ना गावाचं? मंग ते गावात ऱ्हावं. देवाची जमीन कशी, मालक मारुती अन् वहिवाटदार पुजारी. तसंच करा. मारुतीच्या नावावर टाका, अन् वहिवाटीला ह्याला ठिवा.’ त्यांनी भावाकडं बोट केलं.

‘अन् मारुतीचा फोन नंबर काय टाकू, आबा?’

‘ह्याचाच टाका,’ आबा शांतपणे म्हणाले. भाऊही हसला. मग आबा जरा पुढं झुकले. ‘रागाला येऊ नका. तुम्ही भल्या हायेत. पण उद्या तुमच्या घरचे म्हणतील, हे आमचं हाये. तवा काय करावं?’

तुमच्या घरचे. माझं घर म्हणजे आता नवऱ्याचं घर, हे काही नवं नव्हतं. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. पण माझ्याच दुकानात, माझाच चहा पिऊन ते ऐकलं आणि मला लागलं. मी भावाकडं बघितलं. तो काहीतरी बोलेल असं वाटलं. तो स्टँप पेपरची कड सरळ करत होता.

‘बरं,’ मी म्हटलं. ‘टाइप बी मीच करते. दुसरीकडं कशाला जाता?’

हे मी रागानं म्हटलं, पण त्यांना ते सरळ वाटलं. मी कागद प्रिंटरला लावला. मजकूर आठवायची गरज नव्हती, तो बोटांतच होता. जिथं गट नंबर येतो तिथं गावाचं नाव टाकलं, बाकी अक्षर न अक्षर तेच. दहा मिनिटांत कागद बाहेर आला.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. सही करणाऱ्याला कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय आम्ही सही करू देत नसू. किती लोकांना वाचता येत नाही, आणि येतं ते वाचत नाहीत. मी कागद भावाच्या हातात दिला. ‘वाचून दाखव. मंग करते.’

तो शाळेत वाचायचा तसं एका सुरात वाचायला लागला. ‘मी लिहून देणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून देते की, मौजे…’ गावाचं नाव वाचलं. ‘…या गावाच्या नावावर माझा आता कोणत्याही प्रकारचा हक्क, संबंध अथवा हितसंबंध राहिलेला नाही. माझा व माझ्या वारसांचा…’

तिथं तो थांबला. पुढची ओळ त्यानं मनात वाचली असावी. कागद खाली घेतला.

‘अक्का, हे असं काहून लिहिलंस?’

‘मी न्हाई लिहिलं. ठरलेला मजकूर हाये. बदनापूरला बी हाच व्हता.’

‘तिथं मी वाचलं न्हवतं.’

‘मी बी न्हाई.’

आबा म्हणाले, ‘लय कडक लिहिलंय बुवा.’ बाहेर आडत्याकडं पोती उतरत होती. भावाचे डोळे भरले होते. त्यानं कागदाची चौघडी केली, मग ती फाडली, आणि तुकडे ठेवायला जागा दिसेना म्हणून खिशात घातले.

‘जाऊ द्या आबा. तिचंच ऱ्हाऊ द्या. लोकायला मी बघतो.’

‘काय सांगशील?’

‘सांगीन, बहीण हाये माझी. गावचीच हाये. बस.’

आबांनी मान डोलावली. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. भाऊ म्हणाला, ‘पंचमीला ये, घ्यायला येतो.’ मी येते म्हटलं. मलाही रडू आलं होतं. माझ्यासाठी भाऊ आबांपुढं बोलला होता, आणि वडील गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. दोघं पायऱ्या उतरले आणि मी त्यांच्या पाठी बघत दारात उभी राहिले.

ते आडत्याच्या पोत्यांपर्यंत गेले असतील तोवर माझ्या लक्षात आलं. त्याला हा कागद एका वाचनात नकोसा झाला होता. पूर्ण वाचायचंही त्यानं थांबवलं होतं. याच ओळी, याच क्रमानं, जमिनीच्या कागदावर होत्या. हे मी त्याला आत्ता, त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यानं ते ऐकलं होतं. त्या कागदाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. नुसतं नाव होतं, म्हणून त्याला फाडता आलं.

बदनापूरहून हसत आले होते त्या दिवशी मला राग आला नव्हता. तो आता आला. हाक मारावी आणि जमिनीच्या कागदाचं विचारावं असं वाटलं. दोघं अजून गल्लीतच होते, माझा आवाज सहज पोचला असता. तो थांबलाही असता. पण तो काय सांगेल ते मला ठाऊक होतं, आणि मला माहेर अजून हवं होतं.