कंपनीच्या खुर्चीतले बोरघरे सर

प्राध्यापक नारायणराव बोरघरे सरांची साठी! ही बातमी कळल्यापासून आम्हा विद्यार्थ्यांना नुसते उधाण आले आहे. सत्कारानिमित्त निघणाऱ्या गौरव अंकात संपादकांनी मला मोजकीच जागा दिली आहे. सरांबद्दल बोलायला मला अख्खा दिवस पुरत नाही, पण असो.

सरांची पहिली भेट बी.ए.च्या पहिल्या वर्षी, अर्थशास्त्राच्या तासाला झाली. सर आंबागडच्या शेतकऱ्याघरचे. त्यामुळे पेटंट शिकवतानाही त्यांचे उदाहरण चुलीवरचे. "तुमच्या आईची वडाभात करायची रीत तिची," सर म्हणाले, "ती कोणी चोरू नये. पण वडाभातच तिचा, दुसऱ्या रीतीनेही कोणी रांधायचा नाही, असं म्हणता येईल काय?" वर्ग हसला. मग त्यांनी सांगितले की, सत्तर सालच्या आपल्या कायद्याने औषध बनवण्याच्या रीतीला संरक्षण दिले, औषधाला नाही. म्हणून देशातले कारखाने तेच औषध वेगळ्या पद्धतीने, स्वस्तात बनवू शकतात.

मी मात्र हसलो नाही. माझे वडील चिखल्याच्या खाणीत कामाला. त्यांना क्षय झाला होता आणि जुन्या गोळ्या लागू पडत नव्हत्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली नवी गोळी अशाच एका देशी कारखान्याची होती. ती होती म्हणून बाबा होते.

पुढे परदेशात व्यापार-कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. औषधालाच पेटंट द्या, सगळ्या देशांत नियम सारखा करा, अशी श्रीमंत देशांची मागणी आली. सरांनी लगेच कॉलेजात लुटुपुटूची परिषदच भरवली! कोणी देश झाले, कोणी मंत्री. परदेशी कंपनीची बाजू घ्यायला मात्र कोणी तयार होईना. तेव्हा सर स्वतः त्या खुर्चीत बसले. आणि काय बोलले हो! "नवं औषध शोधायला माणसं उभी हयात घालवतात. दुसऱ्यानं ते आयतं उचललं, तर उद्याचं औषध शोधेल कोण?" मते घेतली, आणि कंपनी जिंकली!

माझा तोल गेला. भर सभागृहात मी ओरडलो, "सर, माझ्या बाबांचं काय?"

बाहेर सरांनी मला गाठले. त्याच दिवशी ते नागपूरहून आले होते. पिशवीतून एक पाकीट काढून त्यांनी माझ्या हातात ठेवले. "बाबांच्या गोळ्या. इथल्या दुकानात मिळून नाही राहिल्या म्हणे. अन् तुले राग येऊन राहिला ना? येऊ दे. पण तिथले वकील माझ्याहून हुशार असतात, बाबू. ओरडून ते हरत नाहीत. मुद्दा घेऊन ये."

मग मी वाचनालयातून हललोच नाही. सर रोज तिथे येत आणि माझे मुद्दे खोडून जात. पुन्हा परिषद भरली, तेव्हा मी म्हणालो, "शोध लावणाऱ्याला मोबदला जरूर द्या. पण दाराची किल्ली त्याच्याच खिशात ठेवू नका. लोक आजारी असताना दुसऱ्या कारखान्याला ते औषध बनवू देण्याचा अधिकार सरकारपाशी राहिलाच पाहिजे. माझ्या बाबांना गोळी आज हवी, पेटंट संपल्यावर नाही." सरांनी मला चोहोबाजूंनी कोंडले, जराही सूट दिली नाही. मी मात्र हटलो नाही. या वेळी मते माझ्या बाजूने पडली. आणि सर्वांत जोरात टाळ्या कोण वाजवत होते? हरलेले बोरघरे सर!

बाबा मागच्या बाकावर बसून सारे ऐकत होते. ते पुढे आले. "काहून जी मास्तर, माह्यासाठी गोळ्या आणून देता, अन् भांडता कंपनीकडून?"

"तुमच्या पोराले भांडता यावं म्हणून जी," सर म्हणाले.

बाबा बरे झाले. सत्काराचा पहिला हार आपणच घालणार, असा त्यांचा हट्ट आहे आणि तो मोडण्याची आमची टाप नाही.

वाटाघाटी अजून चालूच आहेत. सर, आपणांस निरोगी दीर्घायुष्य लाभो, हे तर सगळेच लिहितील. माझे मागणे त्याहून मोठे आहे. आपण शंभरी गाठावी, आवाज असाच खणखणीत ठेवावा, आणि कंपनीची ती खुर्ची मुळीच सोडू नये. आम्हाला अजून पुष्कळदा आपल्याला हरवायचे आहे.