बाबांची बंदूक वलसाडला गेली

बाबा गेले तेव्हा नीट रडायलाही सवड मिळाली नाही. त्यांची बंदूक माळ्यावर होती आणि परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर. दहाव्याला पोलीस पाटलांनी मला बाजूला घेतलं. "ताई, ती वस्तू आता घरात ठेवू नका. मुरबाडला जमा करून या." मी आणि भाऊ ती गोधडीत गुंडाळून पोलीस ठाण्यात घेऊन गेलो, पावती घेतली. मला वाटलं, संपलं.

बारा बोअरची एकनळी होती ती. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमची भातशेती. रानडुकरं एका फेरीत अख्खं खाचर लोळवून टाकतात, म्हणून बाबांना पीक राखायचा परवाना मिळाला होता. त्यांनी मारलेलं डुक्कर मात्र मला एकही आठवत नाही. ते माचावर तासन्‌तास नेम धरून बसायचे, बार उडायचा, डुकरं पळायची आणि दोन दिवसांनी परत यायची. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची. शेवटची काही वर्षं ती माळ्यावरून उतरायची ती एवढ्यासाठीच.

भाऊ कल्याणला नोकरीला. तो म्हणाला, "मला नको, तुला नको. सरकारला देऊन टाकू. मोडीत काढतील."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोडीत नाय द्यायची. ज्याला शेत हाय त्याला द्या."

मी किन्हवलीजवळच्या शाळेत शिक्षिका. कागद मला वाचता येतात, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

आसपास ज्यांना बंदूक हवी होती त्यांच्याकडे परवाना नव्हता, आणि ज्यांच्याकडे परवाना होता त्यांना नवी हवी होती. शेवटी बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला वलसाडकडच्या एका बागाईतदाराचा नंबर दिला. सत्तरीचे गृहस्थ, आंब्याची बाग, परवाना चालू. फक्त त्यांच्या बंदुकीच्या नळीला तडा गेलेला. फोनवर ते म्हणाले, "बेन, कागज सीधा हो जाए तो मैं खुद आऊँगा."

कागद सरळ व्हायला वर्ष गेलं. मृत्यूचा दाखला, आईची आणि भावाची संमती, विकायचं आहे अशी लेखी सूचना, त्यानंतर पंचेचाळीस दिवस नुसतं थांबणं. मग त्यांच्या जिल्ह्याची परवानगी आणि आमच्या जिल्ह्याची ना-हरकत. "दुसरं राज्य" म्हटलं की टेबलामागचा माणूस खुर्चीत मागे टेकायचा. वाईट कुणीच वागलं नाही. फक्त प्रत्येकाला आधीच्या कागदाची आणखी एक प्रत हवी असायची. मध्ये आचारसंहिता लागली, सगळं थांबलं. शाळा सुटली की मी एसटीने मुरबाड गाठायची आणि बहुतेक वेळा 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' एवढं ऐकून परत फिरायची.

एकदा सगळं जमलं असं वाटलं, तर नळीवरचा नंबर जुळेना. परवान्यावर शेवटी आठ, नळीवर तीन. हवालदारांनी रॉकेलचा बोळा फिरवला, भिंग लावलं, मलाही बघायला सांगितलं. गंजाने अर्धा आकडा खाल्ला होता. फाईल परत ठाण्याला, कलेक्टर कचेरीत. त्या दिवशी मी स्टँडवर बसून दोन गाड्या जाऊ दिल्या. उठायचीच इच्छा नव्हती.

तज्ज्ञाने नंबर तपासला, आठच निघाला. अखेर ते गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दोन्ही जिल्ह्यांचे कागद आणि बंदूक सीमेपलीकडे न्यायची परवानगी. सह्या झाल्या. त्यांच्या परवान्यावर बंदूक चढली, बाबांच्या परवान्यावर 'रद्द' असा शिक्का पडला. मग हवालदारांनी बंदूक आणून टेबलावर ठेवली.

त्यांनी ती उघडली, नळीतून उजेडाकडे पाहिलं. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यावरून हात फिरवता फिरवता ते थांबले. उजवी बाजू गालाने घासून गुळगुळीत झाली होती. डावीवरची पॉलिश तशीच होती.

"आपके पिताजी बायें कंधे से चलाते थे?"

"नाही," मी म्हणाले. "ते उजव्या हाताचे होते. लिहायचे, जेवायचे, कोयता धरायचे, सगळं उजव्याने."

त्यांनी वाद घातला नाही. बंदूक कापडात बांधली आणि म्हणाले, "सँभाल के रखूँगा, बेन." गाडीपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले.

त्या संध्याकाळी गावी जाऊन आईला सगळं सांगितलं. दस्त्याचंही सांगितलं.

"त्यांना उजव्या डोल्यानं दिसत नव्हतं गो," ती म्हणाली. "झोडपणीत भाताचं कुसल गेलं. तू पोटात होतीस तवा."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कुनालाच नाय सांगितलं. परवाना काढून घेतील म्हनून. मंग डाव्या खांद्यावर धरायला शिकले. नेम काय लागायचा नाय, पन बार तर व्हायचा."

चाळीस वर्षं मी त्यांची मुलगी होते. एवढ्या कचेऱ्यांतून त्यांचं नाव, वय, पत्ता किती वेळा लिहून दिला. आणि ही गोष्ट मला कळली ती एका परक्या माणसाने लाकडावर हात फिरवल्यामुळे. राग यायला हवा होता. पण तेवढं त्राण उरलं नव्हतं.

"कसा हाय तो मानूस?" आईने विचारलं.

"बरा आहे. आंब्याची बाग आहे त्यांची."

"मंग झालं."

तिने मला भाकरी वाढली. मी जेवले, ताट घासलं आणि तिच्या शेजारी चटईवर आडवी झाले. सकाळी साडेसहाची एसटी होती.