दाराखालचा बॅटन

शिट्टी ऐकली की अजूनही माझ्या तोंडात कडवट पाणी येतं. शाळेच्या मैदानावरची असो की चौकातल्या पोलिसाची, फरक पडत नाही. मी एकेकाळी तालुक्यात पहिली येणारी धावपटू होते, तेव्हा खरं तर शिट्टीनं अंगात जोर यायला हवा. पण आमच्या उदगीरला ही शिट्टी मैदानापेक्षा चर्चमध्येच जास्त वाजायची, आणि तिथंच माझं तिच्याशी वाकडं आलं.

भूकंपाच्या थोडं आधी आमच्या चर्चला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलून आले. आधीचे पाळकसाहेब इतके म्हातारे होते की प्रवचन करता करता स्वतःच पेंगायचे आणि मंडळीही त्यांच्यासोबत सुखानं पेंगायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं. नवे मात्र ताठ मानेचे, कॉलेजात चारशे मीटर पळालेले. पांढऱ्या झग्यावर क्रूस लोंबायचा आणि क्रूसाच्या शेजारी शिट्टी.

शास्त्रात एका प्रेषिताच्या पत्रात शर्यतीचा दाखला आहे. धावपटू कोमेजून जाणाऱ्या मुगुटासाठी एवढे कष्ट घेतो, तर न कोमेजणाऱ्या मुगुटासाठी तुम्ही किती घ्यायला हवेत, असा त्याचा अर्थ. ख्रिस्ती घरातल्या पोरापोरींना तो बाळकडूसारखा मिळतो. एका पत्रातला एक दाखला, त्यावर आमच्या पाळकांनी अख्खं स्टेडियम बांधलं. प्रार्थना म्हणजे वॉर्मअप, उपवास म्हणजे डाएट आणि पाप म्हणजे पोटावरची चरबी. शनिवारी पहाटे मिशनच्या मैदानावर पांढरी फक्की मारून ट्रॅक आखायचे आणि वचनं पाठ म्हणत आम्हाला राउंड मारायला लावायचे. दम लागून वचन तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी चांगली पळत होते म्हणून त्यांची लाडकी. एका रविवारी त्यांनी मला वेदीपुढं उभं केलं, माझ्या पोटऱ्यांकडं बोट दाखवलं आणि मंडळीला म्हणाले, "असा पिळदार आत्मा घडवा!" मी तेव्हा नववीत होते. बाकांवरचे सगळे काके-मामे माझ्या पायांकडं बघून मान डोलावत होते. आज आठवलं तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आमच्या उपासनेत साक्ष देण्याची रीत आहे. आठवड्यात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं उठून सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असायचा, कुणाचं पोरगं पास झालेलं असायचं. नसेल वाटत तर गप्प बसायचं, पेटी सुरू व्हायची, गाणं व्हायचं. पाळकांना हा ढिलेपणा खपेना. त्यांनी शाळेच्या खेळसाहित्यातून रिलेचा लाकडी बॅटन आणला. शिट्टी वाजली की तो पहिल्या बाकापासून फिरायचा. ज्याच्या हातात येईल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची आणि पुढच्याला द्यायचा. हातोहात फिरून तो बॅटन इतका चिकट झाला होता की धरल्यावर हात कपड्यांना पुसावासा वाटे. आणि साक्षींचं काय झालं विचारता? लोक बनवून सांगू लागले. एका म्हाताऱ्याची एकच म्हैस दर रविवारी हरवून सापडू लागली. पाळक म्हणायचे, "शाब्बास, टायमिंग सुधारतंय!"

मग भूकंप झाला.

माझी मावशी, आईची धाकटी बहीण, औशाच्या पुढच्या एका गावात राहायची. नवरा आधीच वारलेला, पदरात एक लेक, पहिलीत जाणारी. दगडमातीचं घर, वर माळवद. पहाटे ते खाली बसलं. चौकट दबून दार अडकलं आणि लेक दारामागं राहिली. मावशी वाचली. एवढंच आम्हाला गावच्या लोकांकडून कळलं. ती स्वतः कधी काही बोलली नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी आमच्याकडं आली आणि राहिली.

तिला बंद दार चालायचं नाही. वाऱ्यानं लागलं तरी उठून उघडायची. थंडीत आम्ही कुडकुडायचो, मांजरं आत येऊन दूध प्यायची, पण आई कुणाला तोंड उघडू द्यायची नाही. चर्चमध्येही मावशी शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसायची आणि एक पाय दाराच्या फटीत ठेवायची. गाणं नाही, साक्ष नाही. बॅटन आला की न बघता शेजारणीकडं सरकवायची. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला पुढं जायची. भाकरीचा तो इवलासा तुकडा डोळे मिटून कितीतरी वेळ तोंडात घोळवायची. आई म्हणायची, "महिन्यात तेवढंच तिच्या पोटात नीट जातं."

मंडळीनं भूकंपग्रस्तांसाठी ज्वारी गोळा केली. चांगली गोष्ट. पण आमच्या पाळकांनी त्यातही सराव काढला. पडलेल्या गावातल्या पत्र्याच्या शेडपुढं ट्रक थांबला की तरुणांच्या दोन टीम करायच्या आणि कोण जास्त पोती उतरवतो ते बघायचं. याला ते आत्म्याचं वेटलिफ्टिंग म्हणत. ज्यांची माणसं गाडली गेली होती ते लोक शेडच्या सावलीला उभे राहून आमची ही स्पर्धा बघत होते. एका बाईनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं धूळ उडतेय म्हणून. नंतर लक्षात आलं, तिला आमच्याकडं बघवत नव्हतं.

कधी ना कधी त्यांचा मोर्चा मावशीकडं वळणारच होता. एका संध्याकाळी घरी आले. आईनं चहा टाकला. मावशी दाराशी लसूण सोलत बसली होती.

"बहीण, तुम्ही ट्रॅकवर मध्येच थांबलात," ते म्हणाले. "प्रभूनं तुम्हाला मरणातून काढलं. त्याची साक्ष द्या, मोकळ्या व्हाल. स्नायू वापरला नाही तर आखडतो, आत्म्याचंही तसंच असतं."

मावशी लसूण सोलत राहिली.

"शर्यतीबाहेर बसणाऱ्याला मी प्रभूच्या मेजावर, प्रभुभोजनाला, बोलावू शकत नाही. नियम सगळ्यांना सारखा," असं म्हणून त्यांनी चहा संपवला, बशी पुसून काढावी तशी चाटली आणि आमच्या ख्रिस्ती रीतीनं सलाम करून गेले.

ते गेल्यावर आई तिच्याजवळ बसली. "दोन शब्द बोल की गं. देवानं वाचिवलं म्हन आन् बस खाली. कुठं लई बोलायचं हाय?"

"ते म्हनाया येत न्हाई मला, आक्का," मावशी म्हणाली.

त्यांनी बोलल्याप्रमाणं केलं. पुढच्या पहिल्या रविवारी मावशी वेदीपुढच्या कठड्यापाशी इतरांसोबत गुडघे टेकून बसली, तळवा पुढं केला, आणि पाळक थाळी घेऊन तिच्यापुढून निघून गेले. मी तिच्या शेजारीच होते. माझ्या हातावर तुकडा पडला, तिचा हात तसाच पसरलेला राहिला. मंडळीतल्या कुणी चकार शब्द काढला नाही. म्हैसवाला म्हातारा तर घशात अडकल्यासारखा खोकला आणि खाली बघू लागला. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही. ती मात्र दर वेळी जाऊन गुडघे टेकायची आणि रिकामा हात घेऊन शेवटच्या बाकावर परत यायची.

शर्यतीच्या त्या पत्रात प्रेषितानं आपलं स्वतःचं शरीर कह्यात ठेवण्याची गोष्ट केली आहे. स्वतःचं! दुसऱ्याच्या मानेवर बसून त्याला पळवायला कुठं सांगितलंय? मी शोधून शोधून वाचलं, मला तरी सापडलं नाही.

भूकंपाला वर्ष झालं तो रविवार महिन्याचा पहिलाच होता, चर्च भरलं होतं. पाळकांनी शिट्टी फुंकली, बॅटन निघाला. ज्यांचं काही पडलं नव्हतं तेही उठून वाचल्याबद्दल आभार मानत होते. शेवटच्या बाकापर्यंत बॅटन आला आणि मावशीनं तो सरकवला नाही. उभी राहिली. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"मी पळाले," मावशी म्हणाली. "त्या पहाटं माती पडाया लागली तशी मी पळाले. लई जोरात पळाले, पाळकसाहेब. लेक बाजूलाच झोपली होती. भाईर आल्यावर ध्यानात आलं का तिला उचललंच न्हाई. मागं वळले तवर दार बसलं होतं. ती आतून हाका मारीत होती." तिनं श्वास घेतला. "मी पळाले म्हनून मी हाय. आता मला कुनी पळ म्हनू नका."

मला वाटलं, आता तरी हा माणूस झगा सावरत येईल आणि तिच्यापुढं गुडघे टेकेल.

त्यानं टाळ्या वाजवल्या.

"हालेलुया! ऐकलंत? प्रभूनं हिच्या पायांत बळ घातलं! आजची सगळ्यात मोठी साक्ष!" आणि थाळी उचलून, जिंकलेल्याला पदक द्यावं तसा हसत तिच्याकडं चालत आला. सगळ्यांच्या आधी तिला तुकडा. मंडळीतही काहींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही शिसारी येते.

मावशीनं थाळीकडं बघितलंही नाही. बॅटन हातात घेऊन दारातून बाहेर पडली आणि घरी गेली. त्यानंतर तिनं चर्चची पायरी चढली नाही. मीही पुन्हा ट्रॅकवर उतरले नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा बॅटन आमच्या दाराखाली पाचरीसारखा घट्ट बसवलेला होता. दार आता वाऱ्यानं हलत नव्हतं. दोन दिवसांनी पाळकांचा निरोप आला की शाळेचं साहित्य आहे, परत द्या. जन्मात कधी पाळकांपुढं मान वर न केलेली माझी आई म्हणाली, "आमच्या दाराला लागून राहिला, म्हनावं."

आणि महिन्याचा पहिला रविवार आला तेव्हा आईनं आणखी एक गोष्ट केली. आमच्यात प्रभूची भाकरी मोडायचं काम पाळकाचं. बाईमाणसानं, तेही चुलीपाशी, करायचं म्हणजे पापच. तव्यावरची ज्वारीची भाकरी घेऊन ती उंबऱ्यात मावशीशेजारी बसली, डोळे मिटले, भाकरी मोडली आणि तुकडा तिच्या हातावर ठेवला. मावशी किती वेळ तो तोंडात घोळवत होती. तेव्हापासून आमच्या घरी हे चालूच आहे. आई गेल्यावर मावशीच मोडते.

हे सगळं मी मागं टाकलं असं समजून मी नांदेडला संसार केला. मधल्या काळात लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. भूकंपात भिंती पडलेल्या जिल्ह्यात आता प्रत्येक भिंतीवर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. माझी लेक डॉक्टर व्हायचं म्हणून तिथं हॉस्टेलला राहिली. फोनवर तिचा आवाज महिन्या-महिन्याला बारीक होत गेला. विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, मागं पडलेय थोडी."

क्लासचा पालक मेळावा होता, मी गेले. स्टेजवर प्रेरणादायी वक्ते म्हणून कोण यावं? केस काळे केलेले, अंगात कोट, पण गळ्यात तीच शिट्टी. आमचे पाळकसाहेब! झगा गेला होता, क्रूस गेला होता. प्रभूचं नाव गाळून शर्यत तेवढी शिल्लक ठेवली होती. खरं तर त्यांच्याकडं पहिल्यापासून तेवढंच होतं.

"एका आईची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "भूकंप झाला. घर पडू लागलं. ती क्षणभर थांबली का? नाही, ती धावली! म्हणून आज जिवंत आहे. थांबली असती तर?"

"मेली असती!" हॉलभर पोरं ओरडली.

मी उभी राहिले. "तिची लेक आत राहिली. हाका मारत होती. तेही सांगा."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. ओळखलं की नाही, देव जाणे. क्षणभरच. मग माइक तोंडाशी नेला. "अगदी बरोबर! म्हणूनच, मुलांनो, मागं राहायचं नाही!"

शिट्टी वाजली आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. मी रांगेच्या टोकाला बसलेल्या माझ्या लेकीकडं बघितलं. डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली, आणि सगळे वाजवतात म्हणून तीही टाळ्या वाजवत होती.

मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. "आई, संध्याकाळी टेस्ट आहे," ती म्हणाली. मी स्टँडवर नेऊन उदगीरच्या गाडीत बसवलं. रस्ताभर ती घड्याळ बघत होती.

दुसरा दिवस महिन्याचा पहिला रविवार होता. मावशी आता वाकली आहे, पण दार उघडंच असतं आणि बॅटन जागच्या जागी. रंग कधीच गेला, नुसतं काळपट लाकूड उरलंय. तिनं माझ्या लेकीला खालवर न्याहाळलं, उंबऱ्यात आपल्याजवळ जागा केली आणि मला तव्यावरची भाकरी आणायला सांगितली. डोळे मिटले, मोडली, तुकडा लेकीच्या हातावर ठेवला.

लेक तुकडा हातात धरून तशीच बसली. तिनं आधी मावशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आधी काही म्हणायचं असतं का आजी? मला काहीच पाठ नाही."

"काय न्हाई म्हनायचं," मावशी म्हणाली. "खा."