आयत्या वेळचा विषय

आमच्या वाशीच्या सोसायटीत वॉचमन एकच होता, आणि त्याला गेटबाहेर पाठवायचा अधिकार चेअरमनना नव्हता. एकदा त्यांनी त्याला स्वतःची स्कूटर आणायला तुर्भ्याच्या गॅरेजात पिटाळलं आणि तेवढ्यात गच्चीवरच्या टाकीचं झाकण चोरीला गेलं. मग ठराव झाला: वॉचमनला बाहेर पाठवायचं तर आधी कमिटीची लेखी मंजुरी. सेक्रेटरी मी. बेलापूरच्या सरकारी कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे मसुदे सुधारायचो, त्यामुळे स्वतःचा ठराव लिहिताना मला भलताच चेव आला. तो टाइप करून जिन्याखालच्या फळ्यावर लावला.

समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी साताऱ्याकडच्या. यजमान सैन्यात हवालदार. सत्त्याऐंशी साली त्यांची पलटण श्रीलंकेत गेली, शांतता राखायला. थोड्याच महिन्यांत तिथे लढाई जुंपली आणि पत्रं यायची थांबली. एका रविवारी वहिनी फळ्यासमोर उभ्या राहून माझा ठराव वाचत होत्या.

"भावजी, ह्यांना पाठवताना कुणाची मंजुरी घेतली?"

"सरकारनं ठरवलं, वहिनी."

"ते कळलं. पर आधी संसदेत हात वर केले का कुनी?"

बघून सांगतो म्हटलं. मला वाटलं, कुठेतरी नियम असणारच. कचेरीतली राज्यघटनेची प्रत काढली. सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आणि त्याचा वापर कायद्यानं विनियमित होणार, असं तिथे होतं. 'विनियमित' वाचून मला हायसं वाटलं. मग तो कायदा शोधायला लागलो. जवान पळाला तर काय, त्यानं हुकूम मोडला तर काय, हे सगळं कलमवार सापडलं. पाठवणाऱ्यानं आधी कुणाला विचारायचं, ते काही सापडलं नाही.

वहिनींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आपणच मागू. आणि सोसायटीच्या छापील अर्जावर, 'गळती / पाणी / इतर' यातल्या 'इतर'वर खूण करून, त्यांनी रीतसर अर्ज दिला: सैन्य देशाबाहेर पाठवण्याआधी संसदेची संमती लागेल असा कायदा व्हावा. विषयपत्रिका आधीच वाटून झाली होती, म्हणून मी तो अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत टाकला.

"आयत्या वेळचा म्हंजे?"

"म्हणजे आधी कुणाला कळवलेला नसतो तो."

"मग आमच्या ह्यांचं तसंच झालं म्हना की."

मला हसू आलं नाही.

सभेत आधी गळतीवर तासभर भांडण झालं. मग वहिनी उठल्या, अर्ज वाचला आणि खाली बसल्या.

"वहिनी, हे आपल्या अखत्यारीत येत नाय," चेअरमन म्हणाले. "आर्मीचं टेन्शन सोसायटीनं कशाला घ्यायचं?"

"तुमी नुसतं कळवा वरती. कुनीतरी कळवाय पायजे."

चेअरमननी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सूचक आहेत, अनुमोदक मिळाला तर मतदान घेता येईल. निम्मे सभासद सरकारी नोकरीत. कुणी चप्पल बघत होतं, कुणी पंखा. वहिनी एकेकाकडे बघत गेल्या आणि शेवटी माझ्यावर थांबल्या. सेक्रेटरीला अनुमोदन देता येत नाही, असं मी म्हणालो. असा नियम कुठेही नाही. बढतीचा कागद वर गेला होता, एवढंच. 'अनुमोदकाअभावी विषय वगळला,' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्या ओळीची मला आजही लाज वाटते.

पुढच्या महिन्यात तार आली.

त्याच रविवारी तातडीची सभा बोलावली. सगळे आले, एरवी कधी न येणारेसुद्धा. वहिनी गावी गेल्या होत्या. शोकप्रस्ताव मी वाचला आणि सवयीनं विचारलं, "अनुमोदक?"

"शोकप्रस्तावाला लागत नाय," चेअरमन हळूच म्हणाले.

तोवर सगळ्यांचे हात वर गेले होते.