पळसटोल्याचा नारळ

टेंभरे गुरुजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या संपादकांना नव्या जिल्ह्याची सांस्कृतिक ओळख आठवडाभरात हवी होती. कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर चौकशी केली. ढाबेवाला म्हणाला, "दंडार देखनी है तो गुरुजी के यहाँ जाव." दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचे लोकनाट्य. ढोलकी, टाळ, नाच, पुराणातली एखादी कथा आणि तिच्या आडून गावातल्या माणसांना काढलेले चिमटे. स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात.

गुरुजींच्या अंगणात तालीम चालू होती. मी वृत्तपत्राचे नाव सांगितले. गुरुजी म्हणाले, "तुमचा पेपर आमच्याकडे दुपारच्या एसटीनं येते. तवरी बातमी निवून जाते. बसा. आदी पाहा, मंग लिहा."

मी संस्कृत पाठशाळेत वाढलेला. नाटक म्हटले की नांदी, मग सूत्रधार, हा क्रम डोक्यात पक्का. म्हणून विचारले, "तुमच्यात सूत्रधाराला कसे निवडता?"

"ज्याचं पाठांतर कच्चं, त्याले उभं करतो," गुरुजी म्हणाले. "बाकीच्याइवर नजर ठेवाले तो मोकळा राहते."

पाठशाळेत हे लक्षण मला कोणी शिकवले नव्हते. त्या दिवसापासून मी गुरुजींकडे जातो आहे.

गुरुजी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले, धानाची शेती त्यांनी सोडली नाही आणि चहात साखर कमी पडल्याचे कधी मान्य केले नाही. त्यांच्या मायेचा एकच प्रसंग सांगतो. माझ्या वडिलांच्या तेराव्याला ते एसटीने गोंदियाला आले. पंगत बसली तशी टोपी काढून भाताचे पातेले उचलले आणि शेवटच्या माणसापर्यंत वाढत राहिले. जाताना एवढेच म्हणाले, "तुमी आता जेवून घ्या."

पण गुरुजींच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात नोंद व्हायला हवी ती वेगळ्या गोष्टीची.

नागपूरच्या एका महोत्सवात गुरुजींच्या मंडळाची दंडार मार्ताबाईंनी पाहिली. या बाई पोर्तुगालच्या. आशिया आणि युरोप यांच्यात कलावंतांची ये-जा घडवणाऱ्या एका कार्यक्रमाचे काम त्या पाहत. ठरले असे की आधी दंडार मंडळाने पोर्तुगालला जायचे आणि पुढच्या वर्षी तिकडच्या बाहुलीकारांनी इकडे यायचे. मंडळात उत्साह संचारला. पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्या शिपायाने मंडळातल्या मंसारामला विचारले, "धंदा?"

"दिवसा ट्रॅक्टर, मंडईत राणी."

शिपायाने फक्त ट्रॅक्टर लिहून घेतला.

मग तारीख कळली, आणि ती नेमकी पळसटोल्याच्या मंडईची निघाली. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा. ज्या गावाला दंडार हवी असते, तिथले एखादे वडीलधारे माणूस आधीच येऊन मंडळाच्या प्रमुखाच्या हातावर नारळ ठेवते. नारळ घेतला की खेळ करायचाच. खेळाच्या दिवशी तो नारळ त्या गावात फुटतो, तोवर प्रमुखाच्या देवघरात राहतो. पळसटोला ही अर्जुनी मोरगावकडची, तलावाच्या पाळीखालची लहानशी वस्ती. तिचा नारळ गुरुजींच्या देवघरात होता.

गुरुजी म्हणाले, "जाता येत नाही."

मंसाराम म्हणाला, "मंडई दरवर्षी येते, गुरुजी. पोर्तुगाल दरवर्षी बोलावते का?"

प्रश्न रास्त होता, पण नारळ देवघरातून हलला नाही. एका अधिकाऱ्यांचा फोन आला. "जिले का नाम होगा, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "जिले का नाम तो हो गया, साहेब. पळसटोले का होना बाकी है." शेवटी पळसटोल्याचे म्हातारे पाटील स्वतः आले. "जा तुमी. नारळ वापस घेतो मी." गुरुजींनी त्यांना पाणी दिले, चहा दिला, नारळ दिला नाही. "वापस घ्याले नारळ देते का कोनी?"

मंडळ फुटायच्या बेताला आले. मंसारामने तालमीला येणे सोडले आणि कोहमाऱ्याच्या चौकात "बुढ्यानं आमचं वाटोळं केलं" असे जाहीर केले. गुरुजींच्या कानावर ते गेले. ते म्हणाले, "चूक काय बोलला?" आणि राणीची साडी इस्त्री करून ठेवली.

मार्ताबाईंना उत्तर मी इंग्रजीत लिहिले. संस्कृत वळणाची लांबलचक वाक्ये घातली. बाईंनी पुढे सांगितले की त्यांना त्यातली गुरुजींनी सांगितलेली शेवटची तीन वाक्येच कळली: "आम्ही येऊ शकत नाही. आधी तुम्ही या. अंथरूण आहे." इथे पाहुण्यांविषयीचे एक सुप्रसिद्ध संस्कृत वचन घालण्याचा मोह होतो. घालत नाही. गुरुजी म्हणतील, अंथरूण आहे म्हटल्यावर वचन कशाला.

आणि ते आले. पोर्तुगालच्या महोत्सवातली मंडळाची जागा दुसऱ्या कोणाला गेली, पण पुढच्या वर्षी यायचे ठरलेले ज्वांव नावाचे वयस्क बाहुलीकार, दोन साथीदार आणि मार्ताबाई त्याच वर्षी, मंडईलाच, पळसटोल्यात उतरले. मंसाराम पाहुणे बघायला म्हणून आला, आणि गुरुजींनी साडी त्याच्या हातात दिली.

नारळ फुटला. आधी पाहुण्यांचा खेळ. ज्वांव यांनी कापडाचा आडोसा उभारला, आत शिरले आणि हातातल्या बाहुल्या वर नाचवू लागले. आता आमच्याकडे दंडार चहूकडून पाहतात. दंडारीला पुढची बाजू नसते, तशी मागचीही नसते. त्यामुळे अर्धा पळसटोला सवयीने आडोशाच्या मागे जाऊन बसला आणि बाहुल्या सोडून घामाघूम ज्वांवना पाहू लागला. ते हात उंचावत, ओठ चावत, गुडघ्यावर सरकत, आणि मागून दाद येई. ज्वांव वळले. इतकी माणसे पाठीशी बघून त्यांचे हात खाली आले. खेळ थांबला. मार्ताबाई लोकांना पुढे या, पुढे या अशा खुणा करू लागल्या. पाटलांच्या आई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "काऊन? मानूस तं इकडं आहे."

ज्वांव यांचा चेहरा उतरला होता. सात समुद्र ओलांडून आलेला माणूस, आणि त्याचे झाकलेले सगळे उघडे पडलेले. गुरुजी उठले. ढोलकी घेऊन ते आडोशाच्या मागे, ज्वांव यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि हलका ठेका धरला. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती. ज्वांव बराच वेळ त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच आडोसा सोडून खाली टाकला आणि उघड्यावर, ढोलकीच्या ठेक्यावर, खेळ पहिल्यापासून सुरू केला. मंसाराम राणीच्या वेषात उभा राहून पाहत होता. मग दंडार सुरू झाली तेव्हा आपला प्रवेश आल्याचे त्याला दोनदा सांगावे लागले.

पुढच्या वर्षी दंडार मंडळ पोर्तुगालला गेले. तिथल्या नाट्यगृहात प्रेक्षकांत काळोख केलेला होता. गुरुजींनी दिवे लावायला लावले. "तोंड दिसत नाही त्याले सांगू काय?" ज्वांव यांनी खुर्च्या हलवून लोकांना चहूकडे बसवले. खेळ संपल्यावर त्यांनी कुठून तरी पैदा केलेला एक नारळ आणून गुरुजींच्या हातापुढे धरला, पुढच्या वर्षासाठी. गुरुजींनी हात पुढे केला नाही. त्यांनी मंसारामकडे पाहिले.

मंसाराम म्हणाला, "आदी तारीख इचारा, गुरुजी. मंडईची नसन तं घ्या."

तो नारळ घेतला गेला, आणि त्यानंतरचेही. आज मंडळाचे हिशेब आणि तारखा मंसाराम पाहतो. तो गुरुजींपेक्षा हट्टी आहे.

गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना दीर्घायुष्य मिळावे अशी प्रार्थना मी देवापाशी करणारच आहे, पण गुरुजींना पुरता ओळखत असल्याने एक विनंती माणसांनाही करतो. पळसटोल्याच्या आणि भोवतालच्या सर्व गावांच्या वडीलधाऱ्यांनी दरवर्षी वेळेवर नारळ घेऊन गुरुजींकडे जावे. त्यांचे देवघर एक दिवसही रिकामे राहू देऊ नये. घेतलेला नारळ फोडल्याशिवाय गुरुजी कुठेही जात नाहीत.